आल्प्समधील दीर्घ हिवाळी मुक्काम : दावोसच्या निमित्ताने
(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ऐन वैशाखात या मांडवाखाली बसलेल्या आपणांस बर्फाच्या उतारांवरील क्रीडेचा विषय काहीसा दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुलेसुना आज झुरिक-म्यूनिककडे नोकरीनिमित्त राहत आहेत, सेवानिवृत्तीनंतर दोन-अडीच महिने त्यांच्याकडे जाऊन राहण्याचा शिरस्ता आता नवा राहिलेला नाही, आणि गुलमर्ग अथवा औली येथे स्कीइंगचे पहिले धडे गिरवून आलेली तरुण मंडळी तर एखादा हिवाळा आल्प्समध्ये राहूनच ही विद्या पुरती करण्याचा मनसुबा उघडपणे बोलून दाखवीत आहेत. अशा मंडळींनी तयारी कशी करावी, याविषयी त्या प्रदेशात वेळोवेळी राहून जे मला समजले, ते आज आपणांपुढे ठेवणार आहे.

आठ दिवसांची सहल आणि आठ-दहा आठवड्यांचा मुक्काम यांत केवळ दिवसांच्या संख्येचा भेद आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते आणि तीच मला प्रथम दूर करावीशी वाटते. आठ दिवसांसाठी आलेल्या मनुष्याने प्रत्येक दिवसाचे दाम आगाऊ मोजलेले असते. मग धुके दाटलेले असो, वारा सुटलेला असो, की गुडघा ठणकत असो, त्याला डोंगरावर जाणे भागच पडते. ज्याच्या हाती दोन महिने आहेत, त्याला मात्र सकाळी खिडकीबाहेर पाहून ‘आज नको’ असे शांतपणे म्हणता येते, आणि हे ‘आज नको’ म्हणण्याचे स्वातंत्र्य हीच दीर्घ मुक्कामाची खरी दौलत होय, असे माझे मत आहे. गाव कोणते निवडावे, महिना कोणता धरावा, घर कसे घ्यावे, पास कोणता काढावा, विमा कसा उतरवावा, या सर्व प्रश्नांना माझी कसोटी एकच: या व्यवस्थेने माझे ते स्वातंत्र्य वाढते की खर्ची पडते?

गावापासून आरंभ करू. उतार उत्तम पण गाव म्हणजे केवळ चार हॉटेले आणि एक लिफ्ट, अशी स्थळे आल्प्समध्ये पुष्कळ आहेत. तेथे आठवडा आनंदात जातो, परंतु दुसऱ्या आठवड्यात वारा सुटून लिफ्ट बंद राहिली की माणसाला दिवस खावयास उठतो. यास्तव दीर्घ मुक्कामासाठी ज्याला स्वतःचे नागरी जीवन आहे असे गाव निवडावे, आणि या दृष्टीने पूर्व स्वित्झर्लंडमधील, समुद्रसपाटीपासून सुमारे १५६० मीटर उंचीवर वसलेल्या दावोसची योग्यता मला फार वरची वाटते. दीर्घ काळ राहणाऱ्या परक्या माणसाची सवय या गावाला दीडशे वर्षांहून अधिक काळ आहे. बाडेनमधील क्रांतीत भाग घेतल्यामुळे देशोधडीस लागलेला आणि नंतर झुरिकला वैद्यक शिकलेला अलेक्झांडर श्पेंग्लर हा तरुण १८५३ साली येथे वैद्य म्हणून आला. येथील रहिवाशांत क्षयरोग आढळत नाही हे त्याच्या ध्यानात आले, आणि १८६५ च्या फेब्रुवारीत क्षयाचे दोन रुग्ण ऐन हिवाळ्यात येथे येऊन राहिले. ज्या ऋतूत पहाड सोडून खाली यावे असा जगाचा रिवाज, त्याच ऋतूत वर जाऊन राहण्याची प्रथा दावोसला अशी रुजली. विलेम यान होल्सबूर या डच गृहस्थाच्या खटपटीने १८९० मध्ये लांडक्वार्टहून आगगाडी गावात पोहोचली, आणि आरोग्यधामांची एक नगरीच उभी राहिली. मिरज आणि पाचगणी येथील आरोग्यधामांविषयी ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना त्या जीवनाची कल्पना सहज येईल: व्हरांड्यात पांघरुणे घेऊन पडून राहणे, ठरावीक वेळी ताप पाहणे, आणि महिन्यांमागून महिने जाऊ देणे. थोमास मान यांच्या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या, याच गावात घडणाऱ्या कादंबरीचा नायक तीन आठवड्यांसाठी येतो आणि सात वर्षे राहतो. क्षयावर औषधे निघाल्यावर आरोग्यधामे ओस पडली आणि त्यांपैकी कित्येकांची हॉटेले झाली, तरी ग्रंथालय, संगीत, रुग्णालय, रोजचा बाजार आणि बारमाही वस्ती यांचा वारसा गावाकडे राहिला, आणि ‘आज नको’च्या दिवशी मनुष्याला त्याचाच आधार असतो. अर्न्स्ट लुडविग किर्श्नर हा जर्मन चित्रकार १९१७ पासून अखेरपर्यंत येथे राहिला. त्याच्या नावाचे संग्रहालय बर्फवृष्टीच्या दिवशी आवर्जून पाहावे.

स्कीइंग येथे रुजले तेही दीर्घ मुक्कामामुळेच, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पत्नीच्या क्षयामुळे दावोसला येऊन राहिलेले सर आर्थर कॉनन डॉइल हे शेरलॉक होम्सचे जनक रिकामपणी नॉर्वेजियन स्की शिकले, आणि १८९४ च्या मार्चमध्ये ब्रांगर या स्थानिक बंधूंच्या सोबतीने खिंड ओलांडून पलीकडल्या आरोसाला उतरले. पुढे पार्सेनच्या डोंगरावर चढणारी रज्जुरेल्वे १९३१-३२ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बोल्गेनच्या उतारावर स्की करणाऱ्याला दोरीने वर ओढून नेणारी लिफ्ट आली, आणि जे काम पूर्वी अर्ध्या दिवसाच्या चढणीचे होते ते काही मिनिटांचे झाले.

आता महिन्याचा प्रश्न. सर्वसामान्य प्रवासी नाताळ धरतो. दीर्घ मुक्कामाच्या मनुष्याने तो टाळावा. डिसेंबरात दिवस लहान, बर्फाचा थर अजून पातळ, आणि नाताळ ते नववर्ष गर्दी अपार. जानेवारीच्या उत्तरार्धात बहुधा जागतिक आर्थिक परिषद भरते, त्या आठवड्यात दावोसमध्ये खोली मिळणे दुरापास्त आणि रस्तोरस्ती बंदोबस्त. फेब्रुवारीत स्विस शाळांच्या क्रीडासुट्ट्या वेगवेगळ्या प्रांतांत पाळीपाळीने येतात, त्यामुळे शनिवार-रविवारी लिफ्टपुढे रांगा लागतात. परंतु ज्याला मंगळवारी जाता येते त्याला त्याचे दुःख नाही. उंचावरील बर्फ जानेवारीत सर्वाधिक असतो हा समजही खरा नव्हे: पार्सेनच्या डोंगरावरील वाइसफ्लूयोखजवळ २५३६ मीटर उंचीवर १९३६ पासून बर्फाची मोजणी चालू आहे, आणि तेथे थर सामान्यतः मार्च-एप्रिलमध्ये सर्वांत जाड होतो. म्हणून जानेवारीच्या अखेरीस पोहोचून एप्रिलच्या आरंभापर्यंत राहावे, असा माझा सल्ला आहे. हवामान तापत चालल्याचा परिणाम सखल गावांवर अधिक होत आहे, तेथे बर्फाच्या जागी पाऊस पडतो. एवढ्यासाठीही वरच्या उतारांचे क्षेत्र विस्तृत असलेले ठिकाण घेणे शहाणपणाचे.

या मुदतीस कायद्याची एक मर्यादा आहे. भारतीय पारपत्रधारकास शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत एकंदर ९० दिवसच राहता येते. प्रवेशाचा आणि निर्गमनाचा दिवसही त्यात धरला जातो, आणि मागील शरद ऋतूत पॅरिस पाहिले असेल तर तेही दिवस खात्यावर पडतात. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो दाखवून भागले असे मानणारे पुष्कळ, परंतु साध्या प्रवासविम्यात हिवाळी क्रीडा अनेकदा वगळलेल्या असतात, आणि आखलेल्या उतारांबाहेरील स्कीइंग तर त्याहून अधिक वेळा. शिवाय उतारावर जखमी झालेल्याला स्लेजवरून अथवा हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च स्वित्झर्लंडमध्ये जखमीकडूनच वसूल होतो. करारनाम्यातील बारीक अक्षरे घरी असतानाच वाचावीत.

घर घेताना हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर पाहावे. अशी घरे बहुधा शनिवार ते शनिवार या हिशेबाने देतात, तरी दोन महिन्यांची बोली असेल तर मालकाशी पत्रव्यवहार करून दर ठरविता येतो, आणि हा पत्रव्यवहार उन्हाळ्यातच करावा. स्की वाळत घालण्याची, बूट सुकविण्याची जागा आहे काय, कपडे धुण्याच्या सामाईक खोलीत आपली पाळी कोणती, बसचा थांबा किती पावलांवर, हे प्रश्न खिडकीतून दिसणाऱ्या शिखरापेक्षा महत्त्वाचे आहेत; ओल्या बुटांत पाय घालून सुरू झालेला दिवस सुधारत नाही. या उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांवर उकळते, त्यामुळे वरणभात करणाऱ्याने लहान कुकर सोबत न्यावा. घरचे तूप मात्र नेऊ नये, कारण भारतासारख्या देशांतून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस नेण्यास स्विस जकातीची मनाई आहे.

लिफ्टच्या पासाविषयी थोडक्यात सांगतो. हंगामाचा पास किती दिवसांत वसूल होतो हे गणित सारेच मांडतात, आणि रोजच्या पासाशी तुलना करून समाधान पावतात. माझ्या लेखी त्याचा मोठा लाभ असा, की तो खिशात असलेला मनुष्य दोनच फेऱ्या करून हळहळ न वाटता घरी येतो. दिवसाचा पास घेणारा चार वाजेपर्यंत पैसे वसूल करीत राहतो, आणि थकलेल्या पायांनी केलेली ती शेवटची फेरीच पुष्कळदा घातक ठरते.

शरीराची तयारी मुंबई-पुण्यातच सुरू व्हावी. मांड्या आणि कंबर यांचा व्यायाम तीन महिने आधीपासून हवा, आणि पोहोचल्यावर पहिले काही दिवस वरच्या उंचीवर धाप लागते हे गृहीत धरावे. बूट स्वतःचे घ्यावेत, जाणत्या कारागिराकडून पायाला बसवून घ्यावेत. स्की हंगामाच्या भाड्याने मिळतात, विकत घेण्याची घाई नको. बूट स्कीला जखडणाऱ्या बांधणीतून पाय किती जोराने सुटावा हे वजन आणि कौशल्य पाहून दुकानदार ठरवितो, तेथे संकोचाने स्वतःचे कौशल्य वाढवून सांगू नये, कारण गुडघ्याचे स्नायुबंध त्याची किंमत देतात. शिकवणीविषयी माझे मत रूढ पद्धतीहून वेगळे आहे. लोक पहिल्याच आठवड्यात सारे धडे उरकतात. मी म्हणेन की पहिल्या आठवड्यात थोडे, मग स्वतः फिरावे, आणि तिसऱ्या आठवड्यात, वाईट सवयी जडू लागल्या असता, पुन्हा शिक्षकाकडे जावे. दोन दिवस उतारांवर आणि तिसरा दिवस विसाव्याचा, हा क्रम प्रौढ माणसास उत्तम मानवतो. बर्फ सूर्याची अतिनील किरणे फार मोठ्या प्रमाणात परावर्तित करतो, म्हणून ढगाळ दिवशीही चष्मा आणि लेप हवाच.

आणि आता ज्या गोष्टीसाठी थांबण्याचे स्वातंत्र्य प्रत्यक्ष प्राणरक्षक ठरते, ती हिमस्खलनाची. १९५०-५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये शंभराच्या आसपास माणसे हिमस्खलनांत दगावली, आणि त्यानंतर उतारांवर पोलादी अडसर आणि धोक्याचे नकाशे यांचे काम नेटाने हाती घेण्यात आले. बर्फ आणि हिमस्खलन यांचा अभ्यास करणारी स्विस संस्था दावोसमध्येच आहे. ती हिवाळ्यात रोज सायंकाळी पाच वाजता आणि सकाळी आठ वाजता अहवाल प्रसिद्ध करते. धोक्याच्या पाच पायऱ्या १९९३ पासून युरोपभर समान आहेत. आखलेले उतार लिफ्टचालक सुरुंग लावून सुरक्षित करतात; अहवाल वाचावयाचा तो त्यांच्या बाहेर पाऊल टाकणाऱ्याने. पाचांपैकी तिसरी पायरी ऐकून मनुष्य धोका मध्यम समजतो, आणि बळी सर्वांत अधिक त्याच पायरीवर जातात.

हिमस्खलन कसे घडते हे ज्याने समजून घेतले, त्याला वाट पाहणे सोपे जाते. हंगामाच्या आरंभी थर पातळ आणि रात्री निरभ्र व अतिशीत असल्या, की तळाच्या बर्फाचे जाड साखरेच्या दाण्यांसारखे सुटे कण होतात. त्यांवर पुढे नवा बर्फ पडतो, वारा तो वाहून आणून घट्ट लादी घडवितो, आणि तीस अंशांहून उभ्या उतारावर एका माणसाच्या भाराने ती लादी तळापासून निसटते. पृष्ठभागावर यातले काही दिसत नाही. पुरला गेलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची आशा पुष्कळ असते, नंतर ती झपाट्याने ओसरते. म्हणूनच शोधयंत्र, शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाजवळ हवे, आणि वाटाड्यावाचून जाऊ नये. मोठी बर्फवृष्टी होऊन ऊन पडले, की आठ दिवसांचा पाहुणा त्याच सकाळी अस्पर्श उताराकडे धाव घेतो. ज्याचे अजून पाच आठवडे शिल्लक आहेत, त्याने दोन-तीन दिवस आखलेल्या उतारांवरच रमावे, रोजचा अहवाल वाचीत राहावे, आणि तळाचा थर दुबळाच आहे असे अहवाल सांगत असेल तर आणखीही थांबावे.

याच थांबण्याचे एक सुंदर फळ सांगून माझे भाषण पुरे करतो. वाइसफ्लूच्या २८४४ मीटर उंच माथ्यावरून निघून प्रेटिगाउच्या खोऱ्यातील क्यूब्लिस या खेड्यापर्यंत एक वाट उतरते: सुमारे बारा किलोमीटरांची, दोन हजार मीटरांची उतरण, शिखराच्या उघड्या बर्फातून कुरणांत, कुरणांतून सूचिपर्णी वनात आणि वनातून गोठ्यांच्या दाराशी. १९२४ पासूनची पार्सेन डर्बी ही शर्यत प्रथम याच वाटेने झाली. क्यूब्लिस अवघ्या आठशे मीटरांवर असल्यामुळे खालच्या भागात बर्फ टिकत नाही. तो गावापर्यंत पोहोचलेला, वाट उघडलेली आणि वर वारा नसलेला, असे दिवस एका हिवाळ्यात थोडेच येतात, आणि ते केव्हा येतील हे महिनाभर आधी कोणासही सांगता येत नाही. तो दिवस उगवला, की आधीचा दिवस विसाव्याचा ठेवला असल्यास उत्तम. सकाळी रज्जुरेल्वेच्या पहिल्या गाडीने वर जावे, ऊन खालचा बर्फ मऊ करण्यापूर्वी निम्मी वाट उतरावी, कुरणांतील उपाहारगृहात घाई न करता जेवावे, आणि क्यूब्लिसच्या स्थानकावर स्की खांद्यावर घेऊन क्लोस्टर्समार्गे दावोसला जाणारी रेटियन रेल्वेची मीटरगेज गाडी पकडावी. पायांत बळ उरले असेल आणि घड्याळात दुपारचे दोन वाजले नसतील, तर दावोस डॉर्फ स्थानकावर उतरून रज्जुरेल्वेने पुन्हा वर जाण्यासही वेळ असतो.