उकिरडा कोणाचा?

(परभणी जिल्ह्यातील महिला मंडळांच्या शिबिरात केलेले भाषण)

बायांनो, आजचा विषय कचरा आहे म्हटल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, ‘ते तर रोजच करतो, त्यात शिकायचं काय?’ खरं आहे. झाडलोट, सडा, शेण उचलणं, उकिरड्यावर पाटी टाकणं, सगळं बाईच करते. म्हणूनच हा विषय आपला. आपल्या जिल्ह्यातलं गंगाखेड हे जनाबाईचं गाव. तिच्या घरकामाला देव येऊन हात लावायचा, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. आपल्या घरातला पुरुष अजून तेवढा पुढे गेलेला नाही.

आपल्या आज्यांच्या घरात टाकण्यासारखं फार नव्हतंच. शेणाच्या गोवऱ्या, राखेनं भांडी, खरकटं जनावराला, फाटक्या लुगड्यांची वाकळ, उरलेलं उकिरड्यावर आणि उन्हाळ्यात तिथून शेतात. आता त्याच उकिरड्यावर गुटख्याच्या आणि शाम्पूच्या पुड्या, पन्न्या, औषधाच्या बाटल्या असतात. त्या खतासंगं शेतात जातात, गायीच्या पोटात जातात. कितीतरी घरांत सकाळची चूलच पन्नीवर पेटवतात. प्लास्टिक जळताना विषारी धूर निघतो आणि चुलीपाशी वाकलेलं तोंड आपलं असतं. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. दंडाची भीती भाजीवालीला. पुडी बनवणाऱ्या कंपनीला कोण विचारतं?

समुद्रातल्या बेटावर राहणाऱ्यांना एक गोष्ट लवकर कळते, की कचरा फेकायला ‘बाहेर’ नसतं. मालदीवमध्ये राजधानी मालेचा कचरा थिलाफुशीत टाकून टाकून भराव घातला, त्याचंच बेट झालं. आपल्याला वाटतं, आपल्याकडे जागा भरपूर. पण गावात ‘बाहेर’ म्हणजे कुठं? ओढ्याचा काठ, नाहीतर दलित वस्तीची बाजू. मुंबईत १९२७ पासून ते ‘बाहेर’ म्हणजे देवनार. तिथंही माणसं राहतातच.

आणि तो ढीग उपसतं कोण? बायाच. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला गेलेल्या कुटुंबांतल्या कितीतरी बाया पुढं कचरा वेचू लागल्या. बहुतेक दलित. लोक त्यांना चोर म्हणायचे, पोलीस हटकायचे. १९९३ मध्ये त्यांनी डॉ. बाबा आढावांसारख्यांच्या साथीनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, ओळखपत्रं मिळवली. पुढं त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि बाया घरोघरचा कचरा पगारवजा शुल्कावर उचलू लागल्या. ओला-सुका वेगळा द्या, असं त्या घरवालीला सांगतात. त्यामागे साधं कारण आहे. एकत्र कचऱ्यात हात घातला की काच लागते, वापरलेल्या पॅडला हात लागतो. पॅड कागदात गुंडाळून वेगळं द्यायला आपल्याला लाज का वाटावी?

आता खताचं. एक पाटी ओलं, दोन पाट्या पालापाचोळा, वर थोडी माती नाहीतर शेणकाला, ओल टिकवायची, अधूनमधून खालवर करायचं. दोन-तीन महिन्यांत काळंभोर खत होतं. हे कुणीही सांगेल. पण परभणीचा उन्हाळा त्रेचाळीसच्या वर जातो. ढिगाला सावली लागते, पाणी लागतं. ते पाणी कोण आणणार? जिथं प्यायच्या घागरीसाठी अर्धा दिवस जातो, तिथं ‘बायांनी गांडूळखत करावं’ हा सल्ला म्हणजे डोक्यावर आणखी एक घागर. भांडी घासल्याचं, धुण्याचं पाणी वापरा. फार साबणाचं नको. खड्डा घरामागं झाडाखाली घ्या. आणि पाटी उचलायची पाळी घरातल्या पोरांनाही लावा.

दुसरं, खत जातं कुणाच्या शेतात? बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. फिटतात खरे, पण ज्या शेतावर ते खत पडतं, त्याच्या सातबाऱ्यावर पाटी वाहणारीचं नाव नसतं. भूमिहीन बाईकडे तर खत टाकायला शेतच नाही. तिला ते विकायला मिळालं पाहिजे.

ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, हा कायदा आहे. पुढच्या सभेत तीन गोष्टी लिहून मागा: खतखड्ड्यांना गावठाणात जागा, जवळ पाण्याचा नळ, आणि सुका कचरा गोळा करणाऱ्या बाईला पंचायतीकडून ठरलेली मजुरी. सेवा म्हणून फुकट नको. ठरावाची नक्कल मागून घ्या, सही-शिक्क्यासकट.

आता जेवायला उठू. पत्रावळ्या डाव्या टोपलीत, प्लास्टिकचे पेले उजवीकडं. वाढायचं आणि झाडायचं काम आज शिबिरातल्या पुरुष कार्यकर्त्यांकडं आहे.