सरपंचबाईंची खुर्ची



२७ सप्टेंबर २०२४ रोजी दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या खटल्याचा निकाल लागला. गाव विचखेडा. सरपंच मनीषा रवींद्र पानपाटील. पद महिलेसाठी राखीव होतं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या निवडून आल्या होत्या.

गावातल्या काहींनी तक्रार केली की, बाई सासूबरोबर ज्या घरात राहतात ते सरकारी जागेवर आहे. ग्रामपंचायत कायद्यात अतिक्रमण सिद्ध झालं की पद जातं. मनीषाताईंचं म्हणणं होतं, मी तिथं राहतच नाही. नवरा आणि मुलांसह भाड्याच्या घरात वेगळी राहते, आणि तक्रारीतलं घर तर इतकं मोडकळीला आलंय की तिथं राहणंच शक्य नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं. विभागीय आयुक्तांनी तो निर्णय कायम केला. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली.

सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सूर्यकांत आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी हे सगळं उलटवलं. एक बाई सरपंच झाली, आता तिचे निर्णय आपल्याला मानावे लागणार, हेच गावकऱ्यांच्या पचनी पडलं नाही, असं न्यायालयाने स्पष्ट नोंदवलं. निवडून आलेल्या माणसाला, त्यातही खेड्यातल्या बाईला, पदावरून काढणं ही हलक्यात घ्यायची गोष्ट नाही, असंही सुनावलं. मनीषाताईंना उरलेल्या मुदतीसाठी पद परत मिळालं.

आता कोणी म्हणेल, सरपंच नकोसा झाला तर गावाने काय पाच वर्षं गप्प बसायचं? मुळीच नाही. त्यासाठी १९५८ च्या याच ग्रामपंचायत कायद्यात कलम ३५ आहे, अविश्वास ठरावाचं. तहसीलदारांकडे नोटीस द्यायची, ते सभा बोलावतात, तिथं मतं मोजली जातात. महिला राखीव पदावरच्या सरपंचबाईंना काढायचं तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायला लागलो, २०२० मध्ये ते थांबलं, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षं ठराव आणताच येत नाही. पुढे आणला आणि सदस्यांनी मंजूर केला, तरी तेवढ्याने भागत नाही. खास ग्रामसभेत गावाने गुप्त मतदानाने त्याला होकार द्यावा लागतो. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. सदस्य सहलीला नेऊन ठेवता येतात, अख्खं गाव नेता येत नाही.

सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात नगराध्यक्षांसाठी अशीच सोय आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. २००१ मध्ये अनूपपूरच्या नगराध्यक्षा अशाच मतदानाने पायउतार झाल्या. आपल्या बायांनी दारूचं दुकान बंद करण्यासाठी उभी बाटली, आडवी बाटली असं मतदान केलेलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

अविश्वास ठरावाच्या वाटेने गेलं की काय नको आहे ते तोंडाने बोलावं लागतं. कामं होत नाहीत, हिशेब मिळत नाही, पाणी येत नाही, हे सभेत मांडावं लागतं, आणि सरपंचाला उत्तर देता येतं. विचखेड्यात तक्रार कारभाराबद्दल नव्हती, घराबद्दल होती. आपल्याकडे सून ज्या घरात येते, त्या घराचा उतारा तिने कधी पाहिलेला नसतो. जागा कोणी, कोणत्या साली धरली हे तिला लग्नात कोणी सांगत नाही. पण ती सरपंच झाली की तोच कागद तिच्यासमोर धरला जातो. सरकारी जागा कोणी बळकावली असेल तर ती जरूर सोडवावी. पण नीट चौकशी करून, आणि बाईचं म्हणणं ऐकून.

मनीषाताई दिल्लीपर्यंत पोचल्या. दुसरी एखादी सरपंचबाई, पहिल्यांदाच निवडून आलेली, रोजाने कापूस वेचणारी, तिचं काय? जळगावहून उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ दीडशे किलोमीटरवर आहे, धुळ्याहूनही जवळपास तेवढंच. वकिलाची फी, एसटीचं भाडं, प्रत्येक तारखेला बुडणारी मजुरी, आणि घरात लहान मूल असेल तर ते कोणाजवळ ठेवायचं?