आईविना मांडी

रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये प्रबोधनकाळातील मायकेल अँजेलोने १४९९ च्या सुमारास पुरी केलेली ‘पिएता’ आहे : संगमरवरी मेरी, मांडीवर क्रुसावरून उतरवलेला पुत्र. १९२३ साली मॅक्स अर्न्स्ट या अतिवास्तववादी चित्रकाराने तीच मांडणी घेतली. मात्र आईच्या जागी हॅट घातलेला, मिशाळ बाप आणला आणि त्याच्या हातांवर स्वतःला ठेवले, दगडासारखे ताठ. वडील शिक्षक नि हौशी चित्रकार. तरी बापलेकांचे पटत नसे. चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाचे आहे.

आपल्या घरांतही बापलेकांचा अबोला मोडायला आईच मध्ये पडते. ती नसेल तेव्हा काय? लेकाला जवळ घेणे बापानेही वेळीच शिकावे, एवढेच माझे मागणे.