तळीराम, देवदास आणि आमचे काका

(मंडळाच्या वाचनकट्ट्यावर आम्हा चौघांतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणपती तोंडावर आले असताना दारूवर कसलं बोलता, असं आम्हाला दोघा-तिघांनी विचारलं. त्याचं असं झालं, यंदा आम्ही कट्ट्यावर गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ पुन्हा वाचायला घेतलं आणि मध्येच आमच्यातल्या एकीने पुस्तक मिटून ठेवलं. म्हणाली, “हे आमच्या काकांचं आहे.” पुढचं तिच्या परवानगीने सांगतो.

नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं. गडकरी त्याआधीच, जानेवारीत गेले होते. बालगंधर्वांची सिंधू सगळ्यांच्या आठवणीत राहिली. पण भाषेत घुसला तो तळीराम. आजही ३१ डिसेंबरच्या बंदोबस्ताची बातमी ‘तळीरामां’शिवाय छापून येत नाही. खरं तर गडकऱ्यांनी सुधाकरची दारू सोडण्याची धडपडही लिहिली आहे. लोकांनी मात्र आर्य मदिरा मंडळाचे हशे तेवढे घरी नेले.

सिनेमाने दुसरा नमुना दिला. १९५३ चा तेलुगू ‘देवदासु’ आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना अजून तोंडपाठ आहे. अक्किनेनी नागेश्वरराव सांगत, की डोळे जड दिसावेत म्हणून रात्री दहीभात खाऊन ते चित्रीकरणाला उभे राहत. हिंदीत पडद्यावर झुलणारा जॉनी वॉकर खऱ्या आयुष्यात दारूला शिवत नसे. म्हणजे एक हसवणारा, एक रडवणारा. रोज वेळेवर कामावर जाणारा, घरचं सामान आणणारा पिणारा माणूस या दोघांत कुठे बसतो?

काका असेच होते. गणपतीच्या नाटकात दारुड्याचं काम त्यांचंच. टाळ्या पडायच्या. पुढे विंगेतही बाटली असायची, तरी सगळे हसतच होते. मग एकदा जिन्यावरून पडून पाय मोडला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दारू घेतात का? काकू म्हणाल्या, “छे, हे तसले नाहीत.” तिसऱ्या दिवशी काकांचे हात थरथरू लागले, चादरीवर मुंग्या दिसू लागल्या, रात्री सलाईन उपटून ते पळायला निघाले. रोजची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत असा वात होतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आधी कळलं असतं तर डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून औषध दिलं असतं. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर दारुड्याचं चित्र तळीरामाचं होतं, आणि काका तसे नव्हते.

पडद्यावरच्या दारूने काय होतं, हे शास्त्रज्ञांनीही तपासलं आहे. नेदरलँड्समध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुण पुरुषांना जोडीजोडीने सिनेमा दाखवला. जवळ फ्रीज, हवं ते घ्या. ज्यांच्या सिनेमात आणि जाहिरातींत दारू होती, ते इतरांपेक्षा सरासरी दीड बाटली जास्त प्याले. बाटल्या लहान होत्या, हे खरं.

आता आपले आकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी महाराष्ट्रात १३.९ टक्के पिणारे निघाले, तेलंगणात ४३.३ टक्के. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आपण कोणत्या रकान्यात, ते ज्याने त्याने पाहावं.

चित्रण उलट्या बाजूनेही चालतं. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायकांना नव्वदीच्या सुरुवातीला साक्षरतेच्या वाचनपाठात सीतम्माची गोष्ट भेटली. त्यात ना विनोद, ना विरह. त्यांच्याच घरासारखं घर होतं. त्यांनी गावातला अरकाचा गुत्ता बंद पाडला आणि ते लोण जिल्ह्याजिल्ह्यांत गेलं. १ ऑक्टोबर १९९३ ला अरकावर बंदी आली, जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी. दोन वर्षांत ती सैल झाली, पण साध्या धड्याने एवढं केलं.

काकांना पुढे उपचार मिळाले. दोनदा पुन्हा सुरू झाली, दोनदा पुन्हा भरती केलं. कोणाला विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा आहे. आमच्यापैकी कोणाशीही बोललात तरी चालेल.

यंदा काका तालमीला आले होते. त्यांना हवालदाराचं काम दिलं आहे.