काटा कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



ऊस कारखान्यावर गेला की शेतकऱ्याचे लक्ष आधी वजनकाट्याकडे जाते. भावासाठी मोर्चा काढता येतो. पण काटामारी होत असेल तर वाढवून मिळालेला भावही हातचा जातो. म्हणून गाडी आधी बाहेरच्या काट्यावर तोलून घेण्याचा आग्रह आपण धरत आलो. आज ज्या काट्याविषयी बोलणार आहे, तो पृथ्वीपासून सुमारे ७०० किलोमीटर उंचीवर फिरतो.

जपानने जानेवारी २००९ मध्ये गोसॅट आणि अमेरिकेने जुलै २०१४ मध्ये ओसीओ-२ हा उपग्रह सोडला. हवेतील कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मोजणे हे दोघांचे काम. गोसॅट मिथेनही मोजतो. मोजतो म्हणजे काय? सूर्यकिरण वातावरणातून खाली येतो, जमिनीवरून परावर्तित होऊन वर जातो, आणि वाटेत हे वायू त्यातील ठराविक तरंगलांबीचा प्रकाश गिळतात. किती गिळला यावरून वायू किती, हे काढायचे. परंतु धूलिकण आणि विरळ ढग किरणाची वाट बदलतात, जमिनीचा उजळपणाही जागोजागी वेगळा असतो. हे सारे गणिताने वजा करावे लागते. उपग्रहाच्या आकड्यात म्हणून अनुमानाचा अंश असतोच.

त्यावरचा बाहेरचा काटा जमिनीवर आहे. टीकॉन या नावाच्या जाळ्यातील पहिले स्थानक २००४ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील पार्क फॉल्स येथे सुरू झाले. तेथील उपकरण थेट सूर्याकडे पाहते. परावर्तनाची भानगड नाही, म्हणून चूक कमी. आणि त्या उपकरणावरही आंधळा विश्वास नाही. विमाने स्थानकावर उडवून हवेचे थर मोजतात, आणि ती मोजणी प्रमाणित वायूच्या नळकांड्यांशी ताडून पाहतात. ओसीओ-२ तर अशा स्थानकावरून जाताना मान वळवून त्याच्याकडे टक लावून पाहतो. काट्याला काटा, त्याला आणखी एक काटा!

याचा उपयोग काय झाला? गोसॅटचे आरंभीचे आकडे जमिनीवरील आकड्यांपेक्षा दहा लाखांत सुमारे ९ भागांनी कमी असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण प्रमाण तेव्हा ३९०च्या आसपास. चूक दोन-अडीच टक्क्यांची, असे आपण म्हणू. पण ते प्रमाण जगभरात वर्षाला वाढत होते सुमारे २ भागांनी. म्हणजे साऱ्या जगाची चार वर्षांची वाढ त्या चुकीत बुडत होती. ही चूक जपानी शास्त्रज्ञांनीच प्रसिद्ध केली, आणि पुढे गणित सुधारले गेले. (आपल्याकडे एखाद्या खात्याने स्वतःची चूक अशी छापल्याचे मी अद्याप वाचलेले नाही.)

अर्थशास्त्राच्या मास्तराने यात नाक का खुपसावे? कारण या आकड्यांची आता बिले होणार आहेत. युरोपीय संघाचे कर्बशुल्क जानेवारी २०२६ पासून पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट यांच्या आयातीवर लागू झाले. ते आज कारखान्यांच्या हिशेबांवरून ठरते. उद्या हिशेबावर वाद झाला तर आकाशातील आकडा साक्षीला येईल, असे मला वाटते.

असा वाद आपण एकदा पाहिला आहे. परदेशातील शेतांवरील मोजण्यांवरून, भारताची भातशेती वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन सोडते असा अंदाज अमेरिकी सरकारी यंत्रणेने केला होता. १९९१ मध्ये डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली आपल्या शास्त्रज्ञांनी खाचरांत पेट्या ठेवून प्रत्यक्ष मोजणी केली. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन. पुढे २०१७ मध्ये जमीन, विमान आणि उपग्रह या तिन्हींच्या नोंदी एकत्र करून भारताचे एकूण मिथेन २०१० ते २०१५ या काळात वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख टन ठरले, आणि ते भारताने जगाला कळविलेल्या हिशेबाशी जुळले.

टाळ्या वाजविण्याची घाई मात्र नको. २०२२ च्या एका उपग्रह-अभ्यासात मुंबई, दिल्ली, लाहोर आणि ब्युनोस आयर्स या शहरांचे मिथेन प्रचलित यादीतील आकड्यांच्या १.४ ते २.६ पट निघाले. कचऱ्याचे डोंगर हे त्याचे एक मोठे कारण. कचराभूमीच्या कडेला कोणाची वस्ती असते, हे या सभेला सांगावयास नको. तो काटाही आपल्यालाच हवा आहे.

आता अडचण पाहा. जून ते सप्टेंबर आपल्या आकाशात ढग असतात आणि ढगाखालचे उपग्रहाला दिसत नाही. खरिपाच्या भातखाचरात पाणी उभे असते ते नेमके याच महिन्यांत! गंगेच्या खोऱ्यावरील धुळीचे आवरण किरणाची वाट फिरवते, ते वेगळेच. जमिनीवरील मापनाची गरज जिथे अधिक, त्या उष्ण कटिबंधातच स्थानके विरळ आहेत. जुनी स्थानके बहुतांशी अमेरिका, युरोप, जपान, ऑस्ट्रेलियात.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. गोव्यात काबो-द-राम येथे १९९३ पासून हवेचे नमुने बाटल्यांत भरले जात. तपासणी ऑस्ट्रेलियात होई. ती मालिका २००२ नंतर काही वर्षे खंडित झाली. सिंहगडावर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ मध्ये नमुने घेण्यास आरंभ केला. हैदराबादजवळ शादनगर येथे सूर्याकडे पाहणाऱ्या जातीचे उपकरणही वापरले गेले आहे. देशाचा विस्तार पाहता हे फार थोडे आहे. परक्या काट्यावर विसंबणेही धोक्याचे. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने आपल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात चालू स्थितीतील ओसीओ-२ चा खर्चच थांबविण्याचे सुचविले.

देशात अशी स्थानके किती, त्यांवर खर्च किती, आणि त्यांच्या नोंदी सामान्य नागरिकाला पाहावयास मिळतात का, असा तीन कलमी प्रश्नाचा मसुदा मी करून आणला आहे. आपल्या लोकप्रतिनिधींकडे तो पोचविण्याची जबाबदारी कोण घेतो, ते चहापूर्वी ठरवू या.