मुंबईचा पूर्व किनारा आणि आपण
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



वर्ध्यास समुद्र नाही. मग मुंबईच्या बंदराचा विचार आपण का करावा, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या किनाऱ्याशी आपले नाते कापसाचे आहे. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे मुंबईच्या बाजारात कापसाच्या एका जातीचेच नाव होते. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि येथील रुईच्या गाठी आगगाडीने मुंबईस जाऊ लागल्या. पुढे शिवडीलगत समुद्र हटवून केलेल्या भूमीवर कापसाची गुदामे उभी राहिली. कॉटन ग्रीन हे स्थानकाचे नाव त्याचीच खूण होय.

१९८९ साली न्हावाशेवा येथे नवे बंदर सुरू झाले. मालाची मोठी वाहतूक तिकडे वळली आणि पूर्व किनाऱ्यावरील कित्येक गुदामे निरुपयोगी ठरली. या भूमीच्या विनियोगासाठी २०१४ साली राणी जाधव समिती नेमण्यात आली, आणि २०१८ च्या अखेरीस सुमारे ९६६ हेक्टरांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला.

आराखड्याची चित्रे नेहमीच मनोहर असतात. पाहावयाचा असतो तो वाटणीचा नियम. गिरण्यांच्या जमिनींचा अनुभव ताजा आहे. १९९१ च्या नियमाने त्यांचे तीन वाटे ठरले होते : एक महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडास घरांसाठी, एक मालकास. २००१ साली नियम बदलला. वाटणी केवळ रिकाम्या जागेपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. मनोरे वाढले, वाटा मात्र अरुंदच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे प्राणास मुकली.

गिरण्यांच्या पुष्कळ जमिनी खासगी होत्या, ही सबब तेथे चालली. बंदराची जमीन तर सार्वजनिक आहे. तेव्हा उद्यान, रस्ता आणि दारूखान्यासारख्या वस्तीतील कष्टकऱ्यांचे घर यांचा वाटा आधी ठरावा. विक्रीचा विचार मागाहून व्हावा.

वणेकाठचे हिंगणघाट आणि वर्धेकाठचे पुलगाव हीही गिरण्यांचीच गावे. उद्या हाच प्रश्न आपल्या दारी येईल. प्रारूप आराखड्यावर ठराविक मुदतीत हरकती व सूचना देण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकास दिला आहे. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी आराखडा वाचावा, वडीलधाऱ्यांस समजावून सांगावा आणि हरकत लेखी द्यावी. मुदत टळल्यावर केलेली तक्रार कागदावर येत नाही.