टाईल लागायच्या आधी भिंतीत डोकवा

आज बाथरूममध्ये जायचंय. म्हणजे, कामासाठी. विषय आहे भिंतीच्या आत बसणारा शॉवरचा नळ. दुकानात त्याला कन्सील्ड डायव्हर्टर म्हणतात.

बाहेर आपल्याला फक्त एक चकचकीत प्लेट आणि दांडा दिसतो. खरा नळ, म्हणजे ती पितळेची बॉडी, टाईलच्या मागे गाडलेली असते. आतलं कार्ट्रिज खराब झालं तर समोरून बदलता येतं. पण बॉडी आत-बाहेर झाली किंवा पाईपचा जोड गळला, तर टाईल फोडण्यावाचून इलाज नाही.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. प्लंबरदादांनी बॉडी छान बसवली. मग टाईलवाले काका आले, त्यांनी ओळंबा सोडला, तर भिंत वाकडी! ती सरळ करायला त्यांनी मालाचा थर चांगला दीड-दोन सेंटिमीटर वाढवला. टाईल एकदम आरशासारख्या लागल्या. शेवटी दांडा बसवायला गेलो, तर तो आतल्या स्पिंडलपर्यंत पोचेचना. चार टाईल फोडल्या. तोवर ते डिझाइन दुकानातून संपलेलं. आता शॉवरखाली एक पट्टा वेगळ्याच रंगाचा आहे, आणि आई पाहुण्यांना सांगते, 'हायलायटर लावलाय.'

चूक कोणाची? दोघांचंही काम चोख होतं. ते एकमेकांशी बोललेच नाहीत, आणि बोलायला लावायचं काम माझं होतं.

हिशोब सोपा आहे हो. समजा प्लास्टर 12 मिलिमीटर, टाईलचं अ‍ॅडेसिव्ह 5 आणि टाईल 8. म्हणजे उघड्या विटेपासून तयार भिंत 25 मिलिमीटर बाहेर येणार. अ‍ॅडेसिव्हऐवजी सिमेंटचा माल वापरला तर अजून जास्त. बॉडीवर प्लास्टिकचं झाकण असतं, त्यावर बहुतेक वेळा मिनिमम-मॅक्सिमम अशा खुणा असतात. टाईलचा वरचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. म्हणून टाईलवाल्यांना आधी बोलवा, ओळंबा आधी लावा, आणि मगच बॉडी पक्की करा. बॉडी जास्त बाहेर राहिली तरी त्रास, कारण मग प्लेट टाईलला टेकत नाही आणि फटीतून पाणी मागे जातं. आत गेली तर काही मॉडेलना एक्स्टेन्शन मिळतं, सगळ्यांना नाही. घेतानाच विचारून ठेवा.

ते झाकण टाईल लागेपर्यंत काढू देऊ नका. आणि खाच मारताना कॉलम-बीमला हात लावू द्यायचा नाही, प्लंबर कितीही 'काही होत नाही' म्हणाला तरी.

गरम पाण्याची लाईन डावीकडे, थंड उजवीकडे.

आता टेस्ट. सीपीव्हीसीचं सोल्युशन डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ सुकू द्या. लाईनमधून पाणी सोडून कचरा काढा. मग शॉवर आणि खालच्या नळाच्या तोंडाला डमी प्लग लावून हातपंपाने प्रेशर द्या आणि गेजचा काटा बघत बसा. काटा उतरला, तर कुठेतरी गळतंय. टाकी जेमतेम एक मजला वर असेल, तर नुसत्या तिच्या पाण्यावर बारीक गळती कळत नाही. ती कळते खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आल्यावर.

सगळं ठीक असेल तर खाच बुजवायच्या आधी मोबाईल काढा. भिंतीला टेप लावून, जमिनीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची मापं दिसतील असे फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका. दोन वर्षांनी साबणाची जाळी लावायला कोणीतरी ड्रिल घेऊन उभं राहील, तेव्हा ते शोधायचे आहेत.